फलसफा आणि सिनेमा, दोन्ही

एप्रिल सरत आला की आमच्या कॉलेजच्या मागच्या जिन्यावर मुलं येऊन बसतात. पायरीपायरीवर एकेक जण, मांडीवर वही, ओठ हलतायत आणि नजर समोरच्या भिंतीवर. तो जिना उत्तरेला आहे, म्हणून तिथं जरा गारवा असतो. मी पनवेलमध्ये अकरावी-बारावीला तर्कशास्त्र शिकवते. परीक्षेच्या दिवसांत शिकवणं कमी आणि सुपरव्हिजन जास्त. पुरवण्या वाटायच्या, वर्गात फेऱ्या मारायच्या आणि उरलेला वेळ खिडकीतून बाहेर बघायचं. रस्त्यापलीकडे ताडगोळेवाली छत्री रोवून बसलेली असते. कळंबोलीहून लोखंड भरून निघालेला एखादा ट्रेलर गेला की खिडकीची तावदानं थरथरतात, आणि मुलं मान वर न करता लिहीत राहतात.

दरवर्षी याच दिवसांत माझ्या छातीत एक जुनी धडधड सुरू होते. आपला पेपर आहे, आपलं काहीतरी द्यायचं राहिलंय, असं वाटतं. मग दोन-चार क्षणांनी लक्षात येतं की आपली परीक्षा केव्हाच झाली, आपण पास झालो, आणि जे व्हायचं होतं तेही नीट झालं. तेव्हा जो श्वास सुटतो त्यासाठी तरी ही धडधड दरवर्षी यावी, असं मला वाटतं.

ती परीक्षा माझ्या एम.ए.च्या शेवटच्या वर्षाची. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते.

अब्बांचं जुन्या पनवेलच्या बाजारात फ्रिज आणि एसी दुरुस्तीचं दुकान आहे. गल्फमध्ये वीसेक वर्षं त्यांनी हेच काम केलं आणि मी बी.ए.ला असताना ते कायमचे परत आले. दुकानात कुणी विचारलं, पोरगी काय शिकते, तर हातातला पाना खाली न ठेवता ते सांगायचे, "फलसफा आणि सिनेमा. दोन्ही." गिऱ्हाईक जरा थांबून विचारायचं, दोन्ही कशाला? अब्बा पुन्हा पाना फिरवू लागायचे. खरं तर तेव्हा मलाही ते नीट सांगता आलं नसतं. मुंबईच्या विद्यापीठात असा एक जोड अभ्यासक्रम निघाला होता, जगभरचं तत्त्वज्ञान आणि चित्रपट एकत्र, आणि मला दोन्हीतलं काहीच सोडवत नव्हतं, एवढंच. उरणच्या एका मामूंनी मला विचारलं होतं की सिनेमाचं पाप फिटावं म्हणून फलसफा घेतलास का. ते चेष्टा करत होते, पण पूर्ण नाही.

सकाळी तत्त्वज्ञानाचे तास असायचे. आज न्यायशास्त्र, उद्या ग्रीक, मग चिनी, अरबी, कधी आफ्रिकेतली एखादी विचारपरंपरा. दुपारी जेवून आलो की तळमजल्यावरच्या अंधाऱ्या हॉलमध्ये सिनेमा. त्या हॉलच्या जाड पडद्यांना ओलसर वास यायचा आणि एसी इतका थंड असायचा की मे महिन्यातही आम्ही शाली घेऊन जायचो. बाहेर आलो की ऊन अंगावर कोसळायचं, आणि मिनिटभर समोरचं झाडही पडद्यावरचंच वाटायचं.

दोन्ही विषय एकाच बाई शिकवायच्या. देवयानी मॅडम. बुटक्या, भरभर चालणाऱ्या, पांढऱ्या केसांचा बॉबकट. त्यांनी पहिल्याच आठवड्यात आम्हाला वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायला लावली. डावीकडे लिहायचं "दिसलं", उजवीकडे "वाटलं". मग त्यांनी स्वतःच कधीतरी चित्रित केलेला एक तुकडा दाखवला. एक म्हातारा खिडकीतून बाहेर बघतोय. मग आतल्या खोलीत एक रिकामी जागा, भिंतीवर खाट टेकून टेकून पडलेले डाग. पुन्हा म्हाताऱ्याचा चेहरा. तुकडा संपला. आम्ही सगळ्यांनी डाव्या बाजूला लिहिलं, म्हातारी वारली आहे, म्हातारा दुःखात आहे. मॅडमनी ते सगळं खोडलं आणि पुढचा तुकडा लावला. म्हातारी अंगणात उभी राहून ढेकणांसाठी खाटेवर उकळतं पाणी ओततेय, आणि आत खिडकीशी बसलेल्या नवऱ्याला बाहेर मदतीला बोलावतेय. वर्ग हसला. मॅडम म्हणाल्या की दोन चित्रं शेजारी ठेवली की मधली गोष्ट आपण स्वतःच रचतो, आणि मग ती डोळ्यांनी पाहिली असं शपथेवर सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या तासाला त्यांनी अनुमान शिकवायला घेतलं. डोंगरावर धूर दिसला, म्हणजे तिथं आग आहे. आता मी वर्गात हे शिकवते तेव्हा मुलं कंटाळतात, यात शिकवण्यासारखं काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर असतं. मी त्यांना विचारते की उरण रस्त्यावर लांबून डंपरची धूळ उठलेली कधी बघितलीय का. ती धुरासारखीच दिसते. जवळ गेल्याशिवाय कळत नाही. मग एकदोघं तरी मान हलवतात.

मॅडमच्या त्या तासाला मात्र मी मान हलवली नव्हती. मी वहीत खाली बघत बसले होते, कारण माझ्याजवळही असं एक अनुमान होतं आणि ते मी दहाव्या वर्षापासून बाळगून होते.

अब्बा दरवर्षी मे महिन्यात सुट्टीवर यायचे. मी दहा वर्षांची झाले त्या वर्षी ते आले नाहीत. पुढच्या वर्षीही नाहीत. शुक्रवारी फोन यायचा तो पूर्वीपेक्षा तोकडा, बरं आहे, काम आहे, पुढच्या साली बघू. मधे एकदा गावचा कुणी माणूस परतला त्याच्या हाती एक फोटो आला. अब्बा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेत, बारीक झालेत, आणि मागे दोरीवर लहान मुलीचा एक पिवळा फ्रॉक वाळत घातलाय. अब्बांचे बाकीचे फोटो शोकेसमध्ये होते. हा अम्मीने कपाटात कपड्यांखाली ठेवला. मी तो लपून कितीदा तरी काढून पाहिला.

त्याच सुमाराला उरणला एका लग्नात बायका जेवायला बसल्या होत्या. लांबच्या नात्यातली एक खाला कुणाला तरी सांगत होती, दोन-दोन वर्षं बाप्या घरी येत नाय, म्हणजे तिकडं चूल मांडली असेल. अम्मी माझ्या केसांना रिबीन बांधत होती. तिचा हात थांबला. मग तिने गाठ मारली, नेहमीपेक्षा घट्ट, आणि मला म्हणाली की जा, बिर्याणी वाढतायत.

तिसऱ्या वर्षी अब्बा आले. पुढे पुन्हा दरवर्षी येऊ लागले. त्या दोन वर्षांचं कुणी काही बोललं नाही. मी मोठी होत गेले तशी माझ्या मनात ती गोष्टही मोठी होत गेली. तिकडे एक बाई होती, माझ्याहून लहान एक मुलगी होती, तिचा पिवळा फ्रॉक होता. अब्बा कायमचे परत आले तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं ते हे, की त्या मुलीला आता कोण बघत असेल. मी त्यांच्याशी अदबीने वागायचे, चहा द्यायचे, विचारतील त्याला उत्तर द्यायचे, आणि त्यांच्या खोलीत फार वेळ थांबायचे नाही.

शेवटच्या सत्राला आम्हाला दहा मिनिटांचा चित्रपट करायचा होता आणि त्याच्यासोबत एक निबंध. तत्त्वज्ञानातला एक प्रश्न घ्यायचा आणि तो माणसांतून विचारायचा. मी प्रश्न घेतला की एखादी गोष्ट खरी आहे हे आपण कशावरून मानतो. आणि माणूस घेतला अब्बा. मॅडमना मी कारण सांगितलं की वडील आवाजावरून बिघाड ओळखतात. ते खरंच होतं. दुसरं कारण मी सांगितलं नाही.

विद्यापीठाला अभ्यासाची सुट्टी लागली होती. माझ्या वर्गातली हर्षाली गव्हाणहून यायची, स्कूटीवर, तोंडाला स्कार्फ गुंडाळून, रस्त्याची धूळ पापण्यांवर घेऊन. तिचे वडील पूर्वी खाडीत मासेमारी करायचे, आता द्रोणागिरीला एका गोदामात कामाला होते. तिचा चित्रपट त्यांच्यावर होता. आमचं ठरलं होतं की तिच्या चित्रपटाला मी मदत करायची आणि माझ्या वेळी आवाज तिने सांभाळायचा. ती कानाला मोठे हेडफोन लावून दुकानाच्या फळीवर बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना बोटानेच गप्प करायची.

आम्ही तीन दिवस दुकानात चित्रण केलं. अब्बा एका लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक फ्रिजच्या कॉम्प्रेसरला टेकवत आणि मूठ कानाला लावत. डोळे मिटत. डॉक्टर छाती तपासतो तसं. बाहेर रिक्षा, मासळीवाल्या, मशिदीसमोरची गर्दी, आणि आत हा माणूस एका यंत्राचं ऐकतोय. तिसऱ्या दिवशी मी विचारलं की आवाजावरून लगेच कळतं का. ते म्हणाले, "अंदाज येतो. पण उघडल्याबिगर मी गिऱ्हाइकाला सांगत नाय. किती येला अंदाज चुकलाय."

हे बोलून ते पुन्हा कामाला लागले. मी कॅमेरा धरून उभी होते आणि माझे कान तापले होते. बारा-तेरा वर्षं मी न उघडता सांगत आले होते, निदान स्वतःला तरी.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. शुक्रवारी दुकान दुपारनंतर बंद असतं. नमाज झाली, जेवणं झाली, आणि मी अब्बांना म्हटलं की घरी बसून थोडं बोलूया, कामाबद्दल. ते खिडकीजवळ खुर्चीत बसले. आम्ही सुरू करणार इतक्यात वीज गेली. हर्षाली खूश झाली, कारण पंखा आणि फ्रिज बंद पडल्यामुळे आवाज स्वच्छ येणार होता. घर एकदम गप्प झालं. स्वयंपाकघरात अम्मी सुकट निवडत होती, सुपाचा सर्र सर्र आवाज तेवढा येत होता. हर्षालीने तो राहू दे म्हणून खूण केली.

मी कागदावर लिहून आणलेले प्रश्न विचारले. काम कुठे शिकलात, पहिला मालक कसा होता. अब्बा सरळ बसून उत्तरं देत होते, शाळेतल्या मुलासारखे. मग कागदावरचे प्रश्न संपले.

मी विचारलं, "अब्बा, मी दहा वर्षांची होते तेव्हा दोन वर्षं तुम्ही आला नाहीत. तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

त्यांनी तळवे गुडघ्यांवर पालथे ठेवले आणि माझ्याकडे न बघता, कॅमेऱ्याकडेही न बघता, म्हणाले, "खल्लीवल्ली होतो."

मला तो शब्द माहीत नव्हता. मग त्यांनी सांगितलं. कागदपत्रं नसलेल्या माणसाला तिकडे खल्लीवल्ली म्हणतात. त्यांची कंपनी रातोरात बंद पडली होती. मालक निघून गेला आणि कामगारांचे पासपोर्ट त्याच्याच कपाटात राहिले. व्हिसाची मुदत संपली. कुणी पकडलं तर तुरुंग, आणि विमानतळावर जावं तर कागद नाही. हैदराबादचे एक युसुफभाई ओळखीचे होते. त्यांनी अब्बांना आपल्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत ठेवून घेतलं. दिवसा बाहेर पडायचं नाही. युसुफभाई बंद पडलेले एसी गाडीत घालून घरी आणायचे आणि अब्बा खोलीत बसून ते दुरुस्त करायचे. त्यातूनच घरी पैसे येत राहिले. फोन करायला जायचं तर भीती, म्हणून बोलणं तोकडं. पुढे तिथल्या सरकारने अशा लोकांना माफी जाहीर केली, तेव्हा रांगेत उभं राहून बाहेर पडायचा परवाना मिळाला आणि ते परत आले. नंतर दुसऱ्या कंपनीच्या नव्या व्हिसावर पुन्हा गेले.

हे सगळं ते फ्रिजचा बिघाड सांगावा तसं सांगत होते. कॅमेरा स्टँडवर चालूच होता. मी विचारलं की घरी का नाही सांगितलं.

"शरम वाटायची. सगल्यांना सांगितलेलं की मोठ्या कंपनीत हाय. मग नंतर कुणी इचारलंच नाय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की सुपाचा आवाज थांबलाय. अम्मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात सूप तसंच होतं.

ती म्हणाली, "म्हंजे तिकडं कोण नव्हतं?"

अब्बांना कळलं नाही. "कोण?"

"कोण म्हंजे... घर. फोटोत दोरीवर फ्रॉक होता. पिवला."

तो फोटो नीट पाहणारी मी एकटीच आहे, असं मी इतकी वर्षं समजत होते.

अब्बा तिच्याकडे बघत राहिले. त्यांना समजायला वेळ लागला, आणि समजलं तसा त्यांचा चेहरा आधी गोंधळला आणि मग पडला. ते म्हणाले, "ती युसुफभाईंची पोरगी. दोन-अडीच वर्षांची होती. चाचा चाचा करत खोलीत यायची, मी तिला स्क्रू मोजायला द्यायचो." मग म्हणाले, "मला इचारलं का नायस?"

"तुमी हाय बोलला असता तर मी काय केलं असतं?"

हर्षाली हेडफोन लावून बसली होती, तिने मान खिडकीकडे वळवली होती आणि ती बाहेरच्या नारळाकडे बघत होती. अब्बा हळूच म्हणाले की त्यांना वाटायचं, उरणच्या लोकांकडून अम्मीला सगळं कळलंय, तिला माहीत आहे की नवरा चोरासारखा लपून राहिला होता, आणि त्यांची इज्जत राखायला ती विषय काढत नाही. तिच्या गप्प राहण्याबद्दल ते मनातल्या मनात तिचे आभार मानत आले होते.

अम्मीने सूप खाली ठेवलं. माठातलं पाणी घेतलं आणि उभ्यानेच प्याली. मग आणखी एक पेला प्याली. मग हर्षालीकडे वळून म्हणाली की पोरी, तू मघापासून काही खाल्लं नाहीस, आणि आत जाऊन ताडगोळे सोलून घेऊन आली. आम्ही चौघांनी ते खाल्ले. अम्मीच्या नखात साल अडकली होती, ती काढता काढता मधेच हसली, कशाला ते सांगितलं नाही. मला खूप रडू येईल असं वाटत होतं, पण आलं नाही. उलट झोप आली. दुपारी चार वाजता, अभ्यासाच्या ऐन दिवसांत, मी आतल्या खोलीत फरशीवर आडवी झाले आणि दिवस मावळल्यावरच्या मगरिबच्या अजानपर्यंत मेल्यासारखी झोपले.

आता प्रश्न चित्रपटाचा होता. मी लॅपटॉपवर ते चित्रण पाहिलं. सुपाचा आवाज, त्याचं थांबणं, चौकटीबाहेरून आलेला अम्मीचा आवाज, अब्बांचा चेहरा. असं काही मला पुन्हा कधी मिळणार नाही हे मला कळत होतं. दोन वर्षं मी जे शिकत होते, सकाळचं आणि दुपारचं, ते सगळं त्या चौदा मिनिटांत होतं. अब्बांना विचारलं तर ते म्हणाले की परीक्षेला कामाला येत असेल तर देऊन टाक. अम्मीने मात्र सरळ सांगितलं की हे आमच्या दोघांचं आहे, लोकांना दाखवायचं नाही. हर्षालीला फोन केला. ती म्हणाली, "तुजं तू बघ गो. मी काय ऐकलंच नाय." सगळा वेळ कानाला हेडफोन लावून बसलेली मुलगी हे म्हणत होती.

दोन दिवस मी नुसती फिरत राहिले. तळ्याच्या काठाने जायचे, करवंदं घ्यायचे, ती द्रोणातच सुकून जायची. मॅडमना विचारावं असं वाटलं, पण विचारायचं तर आधी सांगावं लागलं असतं. शेवटी एका सकाळी मी ते चित्रण पुसून टाकलं. पुसल्यावर फार उदात्त वगैरे वाटलं नाही. दुपारपर्यंत मी पस्तावत होते. मग दुकानात गेले आणि त्या फ्रिजचं राहिलेलं चित्रण पूर्ण केलं. अब्बांनी कॉम्प्रेसर उघडला. त्यांचा अंदाज बरोबर निघाला होता. त्यांनी वर बघितलं आणि कॅमेऱ्याकडे बघून हसले.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले होते. उंच, वाकलेले, बारीक आवाजाचे. माझा चित्रपट संपल्यावर त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. मी अनुमानावरच्या प्रश्नांची तयारी करून गेले होते. त्यांनी वेगळंच विचारलं.

"तुमचे वडील शेवटी हसतात. त्याआधी सबंध चित्रपटात ते कॅमेऱ्याला घाबरलेले दिसतात. मधे काय झालं?"

मी म्हटलं, "मधे एक गोष्ट घडली, सर. ती चित्रपटात नाही."

"का नाही?"

"ती माझी नाही."

देवयानी मॅडम माझ्याकडे बघत होत्या. परीक्षकांनी विचारलं की मग प्रेक्षकाने त्या हसण्याचा काय अर्थ लावायचा. मी म्हटलं की ते काहीतरी अर्थ लावतीलच, कदाचित चुकीचा लावतील, पण अब्बांना काही विचारायचं असेल तर त्यांचं दुकान उघडं असतं. ते मंद हसले आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मला बरे मार्क मिळाले, फार चांगले नाही. हर्षालीला माझ्याहून जास्त मिळाले आणि ते योग्यच होतं.

आता इतक्या वर्षांनी कुणी मला विचारलं की ते दोन विषय एकत्र शिकून काय मिळालं, तर मी नोकरीचं सांगते, कारण ते पटकन कळतं. मनात मात्र त्या शुक्रवारची दुपार असते. त्या दोन विषयांनी मला कुठलंही मोठं सत्य हाती दिलं नाही. माझ्याच बापाला एक साधा प्रश्न विचारण्याइतका धीर दिला. तो मला दहाव्या वर्षी, पंधराव्या वर्षी, विसाव्या वर्षी विचारता आला असता. कधीकधी त्या वर्षांचं वाईट वाटतं. पण जास्त करून सुटल्यासारखंच वाटतं, की विचारायचा राहून गेला नाही.

लेखी परीक्षेचा शेवटचा पेपर जागतिक तत्त्वज्ञानाचा होता. आदल्या दिवशी सकाळी मी आतल्या खोलीत चिनी विचारपरंपरेची टिपणं घेऊन बसले होते. अब्बा बाजारातून जिताडा घेऊन आले, चांगला हातभर लांब. अम्मीने कल्ले बघितले आणि म्हणाली की हा ताजा नाय, तुम्हाला फसवलं. अब्बा म्हणाले की मी मासळीबाजारात लहानाचा मोठा झालोय, मला कोण फसवेल. ती म्हणाली की वीस वर्षं तिकडे डब्यातलं खाऊन जीभ मेलीय तुमची. त्यांनी म्हटलं की फरीदाभाभी, युसुफभाईंची बायको, असा मासा चिंच घालून करायची, तसा करून बघ, वास येणार नाय. यावर अम्मीचा आवाज एकदम चढला. मग जा तिच्याकडंच जेवायला, म्हणाली. अब्बांचाही चढला. भांडी आपटली, मांजर पळालं, शेजारच्या घरातला रेडिओ कुणीतरी ऐकायला म्हणून बारीक केला.

मी टिपणं मिटली. तेवीस वर्षांत मी त्या दोघांना एकमेकांशी भांडताना ऐकलं नव्हतं. ते नेहमी पाहुण्यांसारखे बोलायचे, जपून, खालच्या आवाजात, आणि मी त्याला प्रेमळ घर समजत होते. आता अम्मी माशाच्या कल्ल्यांवरून अब्बांना सुनावत होती, अब्बा तितक्याच जोरात उत्तर देत होते, आणि दोघांपैकी कुणालाही थांबायची घाई नव्हती.

मी उठून दार लावायला गेले, अभ्यासासाठी. मग ते उघडंच ठेवलं आणि परत येऊन पान उलटलं.